मेल्याची की जित्याची

माझ्या नावापुढे अजून डॉक्टर लागलेलं नाही, आणि आता लागावं अशी माझी इच्छाही उरलेली नाही. मी मंजुषा. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि गेली चार वर्षं दोन अळंब्यांच्या मागे जंगल तुडवते आहे. सावली गावातल्या घरी आईचं म्हणणं, पोरीचं लग्न या अळंब्यांनीच अडवलं. तसं काही नव्हतं, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

त्या दोघींची नावं लॅटिन आहेत. ती सांगून कुणाचं डोकं पिकवत नाही. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. दोघी एकाच कुळातल्या, सख्ख्या बहिणीच म्हणा. बुंध्याशी कानासारख्या उगवतात, वरून तांबूस आणि लाखेचा हात दिल्यासारख्या चकचकीत, खालून पांढऱ्या. दोघीही लाकूड खाऊन जगतात. फरक एवढाच की थोरली मेलेल्या लाकडावर येते. पडलेला ओंडका, तुटलेलं खोड, कुंपणाची जुनी मेख, काहीही तिला चालतं. धाकटीला मात्र जिवंत झाड लागतं. वर पालवी फुटत असते, पाखरं बसत असतात, आणि ही आतून गाभा खात असते.

नुसत्या डोळ्यांनी दोघींतला फरक कळत नाही. खात्री करायची तर त्यांचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावे लागतात. थोरलीचे गुळगुळीत दिसतात, धाकटीचे खरखरीत. पण सूक्ष्मदर्शक पाठीवर बांधून जंगलात कोण हिंडतो? म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला होता. आधी लाकूड बघायचं. लाकूड मेलेलं असेल तर थोरली, जिवंत असेल तर धाकटी. तीनशेच्या वर नमुने कॉलेजात नेऊन तपासले, नियम एकदाही चुकला नाही. मला त्याचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

लालसूभाऊंना माझा नियम मान्य नव्हता. धानोऱ्याच्या पुढे जीप सोडून चार किलोमीटर पायी गेलं की त्यांचं गाव लागतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. साठीचे, काटकुळे, मोहफूल आणि हिरडा गोळा करणारे गोंड शेतकरी. दोन पावसाळे तेच मला जंगलात फिरवत होते. अळंबी दिसली की ते तिचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मोडायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि थुंकून टाकायचे.

"कडू लागली तं जित्याची, बाई. पानचट लागली तं मेल्याची."

"लालसूभाऊ, जिभेनंच जात ठरवायची तर सरकारनं आम्हाला सूक्ष्मदर्शक कशाला दिला?"

"सरकारले जीभ नसते ना," ते म्हणायचे, आणि आम्ही दोघंही हसायचो.

त्यांच्या घरात तीन माणसं होती. ते स्वतः, धाकटा मुलगा पत्रू आणि थोरली सून सोमारी. थोरला मुलगा दिनेश पाच वर्षांपूर्वी गावातल्या माणसांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. हंगाम संपल्यावर सगळे परत आले, दिनेश आला नाही. कुणी म्हणालं, मुकादमाशी भांडून दुसऱ्या टोळीबरोबर गेला. कुणी म्हणालं, ताप होता, रेल्वे स्टेशनवर दिसला होता. पत्रू दोनदा जाऊन शोधून आला. हाती काही लागलं नाही.

चार वर्षं वाट पाहून घरच्यांनी दिनेशचा खांब उभा केला. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर खांब रोवतात. साग तोडायचा तर परवानगीसाठी खेटे घालावे लागले असते, म्हणून पत्रूनं घरामागचं सालईचं झाड पाडलं. वरचा भाग सोलून त्यावर सायकल कोरली, कारण दिनेशला सायकलचं वेड होतं. खांब उभा राहिला म्हणजे माणूस गेला. सोमारी आता मोकळी झाली, आणि रीतीप्रमाणे धाकट्या दिरानं, पत्रूनं, तिच्याशी लग्न करायचं ठरलं. सव्वीस वर्षांची बाई, किती दिवस रस्त्याकडे बघत बसणार?

गेल्या सप्टेंबरात मी गेले तेव्हा लालसूभाऊ मला जंगलात घेऊन गेलेच नाहीत.

"आधी इकडं चला बाई," म्हणाले, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून गावाच्या मागच्या बाजूला निघाले.

दुपारचे बारा वाजले असतील. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. मोहाच्या झाडांखाली दहा-बारा खांब ओळीनं उभे होते, काही नवे, काही उन्हापावसानं राखाडी पडलेले. गावात कोंबडे आरवत होते, पोरं ओरडत होती, पण त्या झाडांखाली पाय ठेवला आणि आवाज बंद झाला. रातकिडा नाही, पाखरू नाही. मला उगाच मागे वळून बघावंसं वाटलं.

लालसूभाऊ कुऱ्हाडीचा माथा एकेका खांबावर ठोकत निघाले. टक. टक. सुकलेल्या लाकडाचा आवाज येतो तसा कोरडा आवाज. शेवटचा खांब दिनेशचा. त्यावर ठोकलं आणि आवाज आलाच नाही. भरल्या पोत्यावर बुक्की मारावी तसा नुसता धक्का बसला. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मला स्वतःचाच राग आला.

"ओल धरलीय हो लाकडानं," मी म्हणाले. "पाऊस काय कमी झालाय?"

"पाऊस तं सगळ्यांवर पडला," ते म्हणाले, आणि खाली बोट दाखवलं.

खांब जिथे मातीत शिरत होता तिथे तीन अळंब्या होत्या. तांबूस, चकचकीत, एक तर अजून कोवळी, तिच्या कडेवर पाण्याचे थेंब जमलेले. लालसूभाऊ खाली बसले. एक तुकडा मोडून जिभेला लावला आणि बराच वेळ थुंकलेच नाहीत.

"कडू हाय," ते म्हणाले. "हे जित्याची हाय, बाई."

आता मला कळलं ते माझ्याकडून काय मागत होते. दसरा झाला की पत्रू आणि सोमारीचं लग्न होतं. खांबावर जित्याची अळंबी आली आहे, म्हणजे खांब ज्याचा, तो जिवंत आहे. मग त्याच्या बायकोचं दुसरं लग्न कसं लावायचं? गावात कुणी असं म्हणत नव्हतं. हा एकट्या बापाचा हिशेब होता. त्यांनी लग्न थांबवलं होतं, पत्रूनं बापाशी बोलणं सोडलं होतं, आणि सगळे माझी वाट बघत होते, कारण अळंबीचं मला कळतं.

त्यांनी एक तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. "लावून पाहा."

मी तो घेतला नाही. "लालसूभाऊ, लाकूड बघा. सोललेला खांब आहे. मेलेलं लाकूड. मेलेल्या लाकडावर थोरलीच येते."

"सालई हाय ते. सालईचा भरोसा नाई. मेख रोवली तरी रुजते."

"सालीसकट रोवली तर! ही सोललेली आहे."

"वरून सोलली. मातीतली साल तशीच ठेवली होती पत्रूनं, उधईनं लाकूड खाऊ नये म्हनून."

याच जागी मी खाली बसून चार बोटं माती उकरायला हवी होती. माझ्या पिशवीत खुरपं होतं. पण चार वाजता शेवटची जीप होती, ऊन तापलं होतं, आणि जिभेला अळंबी लावून सुनेचं नशीब ठरवणाऱ्या म्हाताऱ्याची मला कीव येत होती. शिवाय तेवढ्यात सोमारी आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं तो सवयीनं खांबाच्या बुडाशी ओतला, आणि लालसूभाऊ थोडे बाजूला गेल्यावर माझ्याजवळ आली.

"बाई, मले एकच सांगा. मी थांबू का नोको थांबू? तुमी जे म्हनाल ते मी ऐकन. मले थांबाचा कंटाळा नाई. पन कोनाची वाट पाहून राह्यली, ते तं कळू द्या."

मला तिला सोडवायचं होतं, हे खरं आहे. आणि चांगलं करायच्या घाईत माणूस जेवढं वाईट करतो, तेवढं वाईट करायच्या घाईत करत नाही.

"मेल्याची आहे," मी म्हणाले, लालसूभाऊंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "शंभर टक्के. तू लग्न कर."

सोमारीनं मान हलवली. रडली नाही, हसली नाही. लालसूभाऊंनी जमिनीवर थुंकी टाकली आणि कुऱ्हाड उचलली. मी एक अळंबी कापून कागदी पाकिटात घातली, वर लिहिलं, 'थोरली, मृत लाकूड, सालई', आणि जीप पकडायला निघाले.

मग परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं, दिवाळी आली. पाकीट कपाटात पडून होतं. दिवाळीची सुट्टी संपत आली तशी मार्गदर्शकांनी बीजाणूंचे फोटो मागितले, म्हणून एका शुक्रवारी दुपारी रिकाम्या प्रयोगशाळेत मी पाकिटं काढून बसले. त्या नमुन्याचे बीजाणू काचेवर घेतले आणि भिंगातून पाहिलं.

खरखरीत.

मी काच बदलली. दुसऱ्या जागेचे बीजाणू घेतले. खरखरीत. पाकीट बदललं असेल म्हणून सगळी पाकिटं तपासली. मग दार लावून घेतलं, अळंबीचा एक बारीक तुकडा मोडला आणि जिभेला लावला. ती कडवट चव संध्याकाळी जेवतानाही गेली नाही.

दोन दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. अळंबी धाकटी निघाली म्हणजे खांब मातीखाली रुजला आहे, एवढंच. सालईला मुळं फुटली म्हणून माणूस जिवंत होत नाही. विज्ञान शिकवते मी! पण मी सोमारीला खांबाबद्दल सांगितलंच नव्हतं. मी तिला माणसाबद्दल सांगितलं होतं. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याजवळ कधीच नव्हतं, आणि मी ते शंभर टक्के म्हणून दिलं. गावात फोन लागत नाही. सोमवारी सकाळी रजा टाकून मी गडचिरोलीची बस धरली.

गावात पोचले तेव्हा ऊन कलत होतं. धानाची कापणी चालू होती, घरांमध्ये फारसं कुणी नव्हतं. मी आधी खांबाकडे गेले. खुरप्यानं माती उकरली. बोटभर खाली पांढरी, ओलसर मुळं होती, करंगळीएवढी जाड, आणि खूप लांब गेलेली. अळंब्या आता सात होत्या. तिथे तशीच शांतता होती, आणि माझ्या मागे कुणीतरी उभं आहे असं मला इतकं वाटलं की मी खुरपं तिथेच टाकून घराकडे चालत सुटले.

अंगणात सोमारी धान वाळवत होती. हातात नव्या बांगड्या होत्या. ओसरीच्या कोपऱ्यात लालसूभाऊ सूप विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पत्रू कुठे आहे?" मी विचारलं.

"बांधीत, धान कापून राह्यला," सोमारी म्हणाली. "बसा बाई." मी बसले. ती धानात हात फिरवत राहिली आणि मग, हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बुधवारी तो आला होता."

"कोण?"

"तोच. दिनेश."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"भर दुपारी. घरी मी एकटीच होती. घराच्या मागून खांब दिसतात. पाह्यलं तं खांबापाशी कोनीतरी उभं. वारलेला गावात येते, असं आमच्याइथल्या म्हाताऱ्या सांगतात. खांब रोवला तरी एकदा येते, पानी मागते. त्याच्याकडे पाहाचं नाई, बोलाचं नाई, पानी द्याचं नाई. देलं तं तो जात नाई, इथीच राह्यते." तिनं धानातला एक खडा उचलून बाहेर फेकला. "तो खांबावरच्या सायकलीवरून हात फिरवून राह्यला होता. मंग कुंपनापाशी आला. लई बारीक झालेला. दाढी. 'सोमारी, पानी दे,' म्हने. मी खाली पाहून राह्यली. तीनदा म्हनला."

"मग?"

"मंग म्हनला, 'सोमारी, मी मेलो का?'"

लालसूभाऊंचे हात थांबले होते.

"मी नाई बोलली," सोमारी म्हणाली. "मनात म्हनलं, बाईनं शंभर टक्के सांगितलं हाय. तो कुंपनाबाहेर बसून राह्यला. ढोरं घरी याच्या वक्ताले उठला, आन आला तसा रस्त्यानं गेला. कोनाले सांगितलं नाई मी. पत्रूले बी नाई." आता पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. "पन बाई, त्याच्या पायाले चिखल होता. नाल्याचा काळा चिखल, घोट्यावरी. तो उठून गेला तं बसल्या जागी वाळलेला चिखल पडला होता. मी झाडून टाकला. मेलेल्याच्या पायाले चिखल लागते का?"

येताना जीपमध्ये मी सगळं घोकून आले होते, मुळं, साल, बीजाणू. ते सगळं मी बाजूला ठेवलं. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

"नाही लागत," मी म्हणाले. "सोमारी, माझं चुकलं. ती अळंबी जित्याचीच होती. मी नीट न बघता सांगितलं. तो कोण होता ते मला माहीत नाही. पण तो मेला आहे, असं मी सांगायला नको होतं."

ती उठली, आत गेली. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. तांब्या भरून घेऊन ती बाहेर आली, अंगण ओलांडलं, कुंपणाचं फाटक उघडलं आणि धानोऱ्याच्या रस्त्यानं चालू लागली. पाच दिवस होऊन गेले होते. मी हाक मारायला उठले आणि परत बसले. वाळत घातलेल्या धानावर कोंबड्या आल्या, त्यांना हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

मग लालसूभाऊ बोलू लागले. सुपाकडे बघतच बोलत होते.

"बुधवारी मी धानोऱ्याच्या बाजारात गेलो होतो. येताना अंधारून आलं होतं. नाल्यापाशी समोरून एक मानूस आला. चालीवरून मले कळलं. मी मान खाली घातली. तो बाजूनं पुढं गेला, मंग थांबला, आन मागून हाक मारली. 'बाबा' म्हनला." त्यांनी बांबूची एक पट्टी हातात घेतली, वाकवली, पुन्हा खाली ठेवली. "मले ते कडू लागलं होतं, बाई. माझ्या जिभेले मालूम होतं. पन एवढी शिकलेली बाई खोटं काऊन सांगन, असं म्हनलं, आन मी मागं पाहलंच नाई."